जुळणी

आधी नखुरडंच वाटलं.
उजवा अंगठा, टोकाला लालबुंद, ठसठसणारा.
शेजारच्या ठकूमावशी म्हणाल्या, लिंबात खुपसून ठेवा.
दोन दिवस अण्णा लिंबाची टोपी घातलेला अंगठा
अख्ख्या दत्तवाडीला दाखवत हिंडले.

दांडेकर पुलाजवळच्या डॉक्टरांनी चीर दिली.
पू आला नाही.
रक्त आलं, ते थांबेना.

मग अंगठ्याचा फोटो. मग, कशाला कोण जाणे, छातीचा.
मग ससून, केसपेपर, बाकडं, पुन्हा बाकडं.
डॉक्टर लोहोकरे माझ्याच वयाच्या असतील.
म्हणाल्या, मूळ इथं आहे, उजव्या फुप्फुसात, वर.
बोटाच्या शेवटच्या पेरात ते सहसा जात नाही.
सहसा.
हा शब्द त्यांनी दोनदा वापरला,
दुसऱ्यांदा जरा हळू.

अण्णांनी फिल्म मागून घेतली आणि उलटी धरली.
एकतीस वर्षं शनिवार पेठेत खिळे जुळवलेला माणूस,
उलटं असलं की त्याला नीट वाचता येतं.
बराच वेळ बघून म्हणाले,
छपाई झाली की खिळे सोडायचे असतात, बाई.
एकेक अक्षर परत आपापल्या खणात.
हात सवयीने चालतो, तोंड गप्पांत असतं,
एखादा घ पडतो ध-च्या खणात.
तेव्हा कुणालाच कळत नाही.
पुढे कधीतरी कुणाच्या पत्रिकेत
घनश्यामाचा धनश्याम होतो.

डॉक्टरांनी मान हलवली.
हसाव्यात असं मला उगाच वाटलं होतं.

त्यांनी सगळं सांगितलं, एकही वाक्य गाळलं नाही.
अंगठ्यावर किरणं. एकदाच, काही मिनिटं.
आई म्हणाली, अहो, पण रोग छातीत आहे ना?
हो. पण दुखतो अंगठा.
हे बरं करण्यासाठी नाही,
बरं वाटावं म्हणून.
घरी येताना रिक्षात आई ही दोन वाक्यं
कुठं तुटतात ते शोधत बसली.

मॉर्फिनच्या गोळ्या. दर चार तासांनी.
दुखायची वाट बघायची नाही, घड्याळ बघायचं.
झोपताना दोन, म्हणजे मधे उठायला नको.
कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी
आईने गोळ्यांच्या रेघा ओढायला घेतल्या,
आणि खाली इसबगोल, कारण पोट धरतं.
आठवडा गेला. अण्णांनी शर्टाचं बटण स्वतः लावलं.
आम्ही कुणी काही बोललो नाही, दृष्ट लागेल म्हणून.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला.
पेन्शन अठराशे रुपये,
आणि तुम्ही जिवंत आहात हे अंगठ्याने सांगायचं.
सेवा केंद्रातला मुलगा म्हणाला, काका, पुसून ठेवा.
पुसला. ठेवला.
जुळत नाही.
जरा दाबा.
अण्णांनी दाबला आणि डोळे मिटले.
जुळत नाही.
मागे रांग चुळबुळायला लागली.
मी त्या मुलाला काहीतरी सांगायला तोंड उघडलं,
तर अण्णाच म्हणाले, दुसरं बोट घे की रे,
दहा दिलीत.

डाव्या अनामिकेवर हिरवा दिवा लागला.
कागद आला, कोमट. एक वर्षासाठी वैध.
अण्णांनी तो चष्म्याजवळ नेला, दूर नेला,
मुलाकडची पेन्सिल डाव्या हातात धरून
शिलीमकर मधल्या ल-भोवती गोल काढला,
समासात वाकडातिकडा ळ लिहिला,
आणि घडी करून खिशात टाकला.
दुरुस्त करून घेऊ का, मी विचारलं.
राहू दे. आता कोण पुन्हा रांगेत उभं राहणार.

अजूनही ते अंगठा उशीवर वेगळा ठेवून झोपतात,
दोघांच्या मधे, तान्ह्या पोरासारखा.
आई म्हणते,
या वयात मेली कूस बदलायचीसुद्धा चोरी.